थंडीत गोल्डफिश मरायला लागले तर औषध ओतायच्या आधी हे वाचा

दिवाळी सरली की कराड-वाळवा पट्ट्यात उघड्या सिमेंटच्या टाक्यांचं पाणी पहाटे विशीच्या खाली येतं. गोल्डफिशला तेवढा गारठा सोसतो, पण १५ ते २५ डिग्री म्हणजे नेमका त्यांच्या हर्पीस व्हायरसचा, सीवायएचव्ही-२ चा सीझन. १९९२ ला हा जपानमध्ये दिसला, आता आपल्या देशातही आहे.

घोळ असा की अंगावर जखम नसते काही नसते, मासा नुसता तळाला बसून राहतो, खात नाही, कल्ला उचलून बघितला तर लालभडक असायच्या जागी फिक्कट. गेल्या थंडीत मी नवीन लॉट थेट जुन्या टाकीत सोडला आणि पाच-सहा दिवसांत रोज सकाळी हातजाळी भरून मासे काढायची वेळ आली, वर मी येड्यासारखा अँटिबायोटिक ओतत बसलो, ज्याचा व्हायरसला काडीचा उपयोग नाही.

मग सँपल पाठवलं ते स्पिरिटमध्ये. पीसीआरला, म्हणजे व्हायरसचा डीएनए शोधायच्या टेस्टला, ते चालतं, पण व्हायरस वाढवून बघायचा तर तो जिवंत लागतो आणि स्पिरिटमध्ये तो मरतो. व्हायरस जिवंत पेशीतच वाढतो, तेही कुठल्याही माशाच्या नाही, म्हणून लखनौच्या एनबीएफजीआर या माशांवरच्या सरकारी संशोधन संस्थेनं फँटेल गोल्डफिशच्या परापासून सेल लाईन, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या पेशी, बनवलीय. बाटलीच्या तळाला पेशींचा थर चिकटून असतो, त्यात व्हायरस पडला की पेशी बिघडून सुटायला लागतात आणि थराला भोकं पडतात. व्हायरस असा हातात आला तरच पुढं लसीचं बघता येतं राव.

तर आत्ता करायचं ते असं, नवीन लॉट, मग तो चेन्नईचा असो की कोलकात्याचा, दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, जाळी-बादली पण वेगळी आणि ब्लीचिंगच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलेली. हीटर असेल तर पाणी हळूहळू २७ च्या वर न्या, मर आटोक्यात येते, पण वाचलेला मासा व्हायरस बाळगून असू शकतो, तो ब्रीडिंगला धरू नका. रात्री टाकीवर ताडपत्री टाकायला तर पैसे पण लागत नाहीत.

आणि सँपल पाठवायच्या आधी लॅबला फोन करा. कुजलेला मासा नको, मरायला टेकलेला द्या. किडनी-प्लीहा पाठवायला सांगितली तर थर्माकोलच्या डब्यात बर्फावर, फ्रीजरमध्ये गोठवू नका. डब्यावर पाण्याचं तापमान, लॉट आणल्याची तारीख आणि किती मेले ते लिहा, मी लिहिलं नव्हतं.