फुकटचा ऑनलाइन कोर्स पूर्ण कसा करायचा (इंदूरकरांसाठी)

आधी एकच कोर्स घ्या, सराफ्यात रात्री खायला गेल्यासारखं सगळंच ताटात घेऊ नका, मी एकदम पाच घेतले अन् एकही धड झाला नाही. स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर एनपीटेलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या उपक्रमाचे, कोर्स आहेत, शिकवणारे बरेचसे आयआयटीचे, शिकणं फुकट पण सर्टिफिकेट हवं तर परीक्षेची फी भरून सेंटरवर जाऊन पेपर द्यावा लागतो, हे लोकांना शेवटी कळतं.

बारा आठवड्यांचा असेल तर असाइनमेंटची तारीख मोबाइलमध्ये टाकाच, त्याचे १०० पैकी २५ मार्क असतात.

खरी अडचण एकटेपणाची, हजारोंच्या वर्गात कोणी विचारत नाही की बाबा कुठवर आलास? म्हणून एक मित्र पकडा, रविवारी पोहे-जलेबी खाता खाता आठवड्याचा धडा एकमेकांना समजवा, ज्याचा राहिला त्याने बिल द्यायचं.