बर्फात डेपो कसा लावायचा, अ‍ॅमुंडसेनची पद्धत

दक्षिण ध्रुवावर जायचं तर परतीचं खाणं वाटेतच पुरून ठेवावं लागतं, 1911 मधे नॉर्वेचा शोधक अ‍ॅमुंडसेन याच्या टीमने 80, 81 आणि 82 अंश दक्षिण अक्षांशांवर असे डेपो लावले. पण नुसता एक झेंडा रोवून भागत नाही हां, धुकं आलं की पुढचं काही दिसत नाही आणि माणूस शेजारून निघून जातो, म्हणून वाटेला आडवी झेंड्यांची रांग लावायची, दोन्ही बाजूंना लांबपर्यंत, आणि झेंड्यांवर नंबर टाकायचे म्हणजे डेपो डावीकडे का उजवीकडे, किती लांब ते लगेच कळतं. 1912 मधे ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधक स्कॉट आणि त्याची माणसं आपल्या डेपोपासून जेमतेम 20 किलोमीटरवर वादळात अडकून मेली, वाचताना अजून पोटात तुटतं. झेंडे संपले तर? सुके मासे बर्फात उभे रोवा, अ‍ॅमुंडसेनच्या लोकांनी तेच केलं, खुणेची खूण आणि कुत्र्यांना खाणंही.