कोकणच्या दमट हवेत चिनी कुंचला, शाई आणि कागद

चिनी चित्रकला आणि सुलेखन यांची मुख्य साधने चार: कुंचला, शाईची कांडी, कागद आणि शाई उगाळण्याचा दगड. ती वापरण्याची रीत सगळीकडे सारखीच असली, तरी रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे ती निवडताना आणि सांभाळताना आधी हवेचा विचार करावा लागतो.

सर्वांत अवघड प्रश्न कागदाचा आहे. चीनच्या आन्हुई प्रांतातील जिंग परगण्यात भाताचा पेंढा आणि एका विशिष्ट झाडाची साल यांपासून शुआन कागद तयार होतो. त्याच्या हस्तनिर्मितीचा समावेश २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. कच्चा शुआन शाई झटकन शोषून पसरवतो, तर सरस व तुरटी लावलेला पक्का शुआन ती पृष्ठभागावर धरून ठेवतो, म्हणून बारीक रेषांच्या कामाला पक्का कागद घेतात. पावसाळ्यात कच्च्या कागदात आधीच ओल मुरलेली असल्याने उन्हाळ्यात नेमकी उमटलेली रेषा जुलैत सहज पसरते. अशा दिवसांत कुंचला दगडाच्या काठावर नीट निथळून घ्यावा आणि लागतील तेवढेच ताव बाहेर काढावेत. उरलेले ताव सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावेत. पक्का कागद जुना झाला की त्याची खळ ठिकठिकाणी कमजोर पडते आणि शाईचे अनाहूत डाग उमटतात, त्यामुळे त्याचा साठा करू नये. सरावाला जुने वर्तमानपत्र पुरते, आणि माझ्या मते नवशिक्याने पहिले काही महिने तेच वापरावे.

शाईची कांडी काजळी आणि प्राणिज सरस यांची असते. पाइनच्या काजळीचा काळा रंग मंद आणि किंचित निळसर दिसतो, तर तेलाच्या काजळीचा दाट आणि तकतकीत. सहाणेवर गंध उगाळणाऱ्या घरात उगाळणे वेगळे शिकवावे लागत नाही: दगडावर पाण्याचे चार-पाच थेंब घ्यावेत, कांडी उभी धरावी आणि जोर न लावता सावकाश गोल फिरवत राहावे. कांडी सरकल्यावर तिच्यामागचा माग क्षणभर तसाच राहून मग हळूच मिटू लागला, की शाई दाट झाली असे समजावे. खाडीलगतच्या विहिरीचे मचूळ पाणी मात्र टाळावे, कारण क्षारांमुळे काजळीचे कण एकमेकांना चिकटून शाई फाटल्यासारखी होते. उघड्यावर भांडे ठेवून धरलेले पावसाचे पाणी उत्तम. काम झाल्यावर कांडी पुसून सावलीत वाळवावी. ती ओली असताना दगडावर ठेवली तर सरसामुळे चिकटून बसते, आणि उन्हात वाळवली तर तडकते.

दगडांत ग्वांगदोंगमधील झाओछिंगचा दुआन दगड नावाजलेला आहे, पण शिकणाऱ्याला साधा, बारीक पोताचा दगड चालतो. आपला जांभा सच्छिद्र असल्याने पाणी पिऊन टाकतो आणि पाट्याचे टाके कांडी ओरबाडतात, तेव्हा हे घरगुती पर्याय उपयोगाचे नाहीत. दगड रोज धुवावा, कारण वाळलेल्या शाईचे कण दुसऱ्या दिवशीच्या शाईत खरखरतात.

कुंचल्यांत शेळीच्या केसांचा मऊ असतो आणि भरपूर पाणी धरतो, वीझल या मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा ताठ व चपळ असतो. सुरुवातीला दोन्ही केसांचा मिश्र, मध्यम आकाराचा एकच कुंचला घ्यावा. नव्या कुंचल्याचे टोक खळीने कडक केलेले असते. ते साध्या पाण्यात भिजवून सोडवावे, चिमटीने मोडू नये. वापरानंतर मुळापर्यंत धुऊन, बोटांनी टोक जुळवून, कुंचला टोक खाली करून वाऱ्यावर टांगावा. ओला कुंचला टोपणात बंद केला की चार दिवसांत कुबट वास येतो, आणि मग मुळाचा सरस सुटून केस गळू लागतात. पूर्ण वाळलेले कुंचले कापराच्या वडीसह डब्यात ठेवावेत, म्हणजे कसर लागत नाही. बाटलीतील तयार शाई वापरायची असल्यास तिच्यासाठी वेगळा कुंचला ठेवावा, कारण तिच्यातील चिकट द्रव्य केसांत घट्ट बसते.

कागदाखाली लोकरीच्या नमद्याऐवजी गुळगुळीत विणीचे ब्लँकेट दुहेरी घालून चालते. पडवीत बसणार असाल तर वाऱ्यासाठी कागदाच्या दोन्ही टोकांना वजने हवीतच. सहीच्या मोहरेची लाल लुगदी एरंडेल आणि हिंगुळाची असते; ती चिनी मातीच्या डबीत ठेवावी आणि तेल वर सुटले की हाडाच्या किंवा लाकडाच्या काडीने एकाच दिशेने घोटून घ्यावी.