त्याच रिमवर थोडा रुंद टायर: माप कसं निवडावं

जुने टायर घासले की बऱ्याच जणांना वाटतं, आता एक माप रुंद घ्यावं. घेता येतं, पण किती रुंद ते तुमची रिम ठरवते. स्टीलच्या चाकावर ‘14x5J’ असा शिक्का असतो. त्यातला 5 म्हणजे रिमची इंचातली रुंदी. टायरवरच्या 165/80 R14 मध्ये 165 ही मिमीतली रुंदी, 80 म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या 80 टक्के, आणि 14 हा रिमचा इंचातला व्यास. असा टायर असलेल्या छोट्या गाडीची रिम 5J असेल, तर तिच्यावर 185/70 R14 नियमात बसतो. 195/60 किंवा 195/65 ला किमान 5.5J लागते. अरुंद रिमवर जबरदस्तीने चढवलेला टायर मधून फुगतो, मधलाच पट्टा आधी झिजतो आणि साइडवॉल लवचीक राहिल्याने चोर्ला घाटाच्या वळणांवर स्टिअरिंग सैल वाटतं.

मग बाहेरचा व्यास जुळवा. रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले 25.4. 165/80 R14 चा व्यास येतो 619.6 मिमी, 185/70 R14 चा 614.6. फरक एका टक्क्याहून कमी, चालेल. तोच 185/65 R14 घेतला तर 596 मिमी, म्हणजे जवळजवळ चार टक्के कमी. गाडी साधारण 12 मिमी खाली बसते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. गावातल्या उंच गतिरोधकांवर हे 12 मिमी लगेच जाणवतात. फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको: 85 म्हणजे एका टायरवर 515 किलो, 88 म्हणजे 560. टायरचा कमाल वेग सांगणारं स्पीडचं अक्षरही मूळच्या खालचं घेऊ नये. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला, त्याच इंचाच्या रिमवर, कंपनी रुंद टायर देत असेल तर तेच माप घ्यावं. वॉरंटी आणि विम्याच्या दृष्टीने तेच सोयीचं.

20 मिमी रुंद टायर ढोबळमानाने आत 10 आणि बाहेर 10 सरकतो. आतली बाजू जास्त महत्त्वाची, कारण तिथे स्ट्रट (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा उभा खांब) आहे. पुढचा एकच टायर आधी बसवून घ्या, गाडी जमिनीवर उतरवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. टायर आणि स्ट्रटमध्ये बोट सहज फिरलं पाहिजे. चाकावरच्या प्लॅस्टिक लायनरच्या कडेला ओला खडू ओढा. टायर लागला तर रेघ पुसलेली दिसेल. मागचे टायर बसले की हीच खडूची परीक्षा मागे तीन माणसं बसवून, गतिरोधकावरून हळू जाऊन करा. रिकाम्या गाडीत न लागणारा टायर भरलेल्या गाडीत लागतो.

रुंद टायरची पकड कोरड्या रस्त्यावर वाढते, पण साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. गोव्यातला पाऊस बघता आमचा आग्रह असा की रुंदीपेक्षा खोल, सरळ, लांब खाचांची नक्षी बघून टायर घ्या. कायद्याने 1.6 मिमीपर्यंत खाच चालते. आपल्याकडे 3 मिमीला टायर बदला, तेही पावसाच्या आधी. साइडवॉलवरचा चार आकडी शिक्काही वाचा: 2325 म्हणजे 2025 सालचा 23वा आठवडा.

किनाऱ्याजवळच्या गाड्यांत स्टील रिमची कड, जिथे टायरचा बीड (टायरची आतली कडक कड) टेकतो, खाऱ्या हवेने गंजलेली असते. नवा टायर त्यावरच चढवला तर आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा उतरते आणि दोष टायरवर येतो. बीडची जागा वायर ब्रशने घासून घ्यायला सांगा, हवेचे व्हॉल्व्ह नवे टाका. एका एक्सलवर दोन मापं कधीच नकोत. दोनच टायर बदलणार असाल तर मूळ मापाचेच घेऊन मागे लावा, नाहीतर ओल्यात मागची बाजू घसरते.

शेवटी बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरमध्ये हवा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्टेपनी जुन्याच मापाची राहणार असेल, तर ती दुकानापर्यंत पोचण्यापुरतीच, ताशी 80 किलोमीटरच्या आत.