2011च्या जनगणनेतून पालघर जिल्हा कसा काढायचा

पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. 2011च्या जनगणनेसाठी मात्र हद्दी 31 डिसेंबर 2009च्या स्थितीवर गोठवल्या होत्या. त्यामुळे त्या तक्त्यांत महाराष्ट्राचे जिल्हे 35च आहेत. 'पालघर' अशी ओळ सापडलीच तर ती तालुक्याची किंवा शहराची समजा. जिल्हा आपणच जुळवायचा.

'प्राथमिक जनगणना सारांशा'ची (इंग्रजीत Primary Census Abstract, लोकसंख्येचा मूळ तक्ता) महाराष्ट्राची फाइल घ्या. राज्याचा संकेतांक 2 अंकी (महाराष्ट्र 27), जिल्ह्याचा 3 अंकी (ठाणे 517), तालुक्याचा 5 अंकी आणि गावाचा किंवा शहराचा 6 अंकी असतो. शहरांचे संकेतांक 8ने सुरू होतात. त्यांच्याखाली प्रभाग येतात. एक्सेलमध्ये हे रकाने 'टेक्स्ट' म्हणूनच उघडा. आपल्याकडच्या तालुक्यांचे संकेतांक शून्याने सुरू होतात. एक्सेल ते शून्य गिळतं आणि पुढे दोन तक्ते जोडायला गेलं की एकही तालुका जुळत नाही.

आता जिल्हा 517, पातळी तालुक्याची आणि ग्रामीण-शहरी रकान्यात फक्त 'टोटल', असे फिल्टर लावा. 15 तालुके उरतील. त्यांतल्या वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगडच्या लोकसंख्येची बेरीज 29,90,116 यायला हवी. जुन्या ठाण्याच्या 1,10,60,148मधून ती वजा केली की उरलेल्या सात तालुक्यांचे 80,70,032 मिळतात.

बेरीज बरोबर दुप्पट आली तर 'टोटल'सोबत 'रूरल' आणि 'अर्बन'च्या ओळीही मोजल्या गेल्यात. त्याहून भलतीच फुगली तर पातळीचा फिल्टर सुटलाय: तोच माणूस जिल्ह्यात, तालुक्यात, शहरात आणि प्रभागातही मोजला जातोय. आणि नुसत्या गावांच्या ओळी घेतल्या तर वसई-विरार महापालिकेसकट सगळी शहरं गळतात. ही चूक सर्वांत महागात पडते, कारण आकडा पटण्याजोगा दिसतो.

2001शी तुलना करायची असेल तर संकेतांकांवर विसंबू नका. तेव्हा जिल्ह्यांचे क्रमांक प्रत्येक राज्यात 1पासून सुरू होत. जोडणी तालुका आणि गावाच्या नावाने करा, मग क्षेत्रफळ ताडून पाहा.

गावाच्या खाली शोधत असाल तर थांबा. जनगणनेतलं गाव म्हणजे महसुली गाव. जव्हार-मोखाड्यातले पाडे या तक्त्यात वेगळे मिळत नाहीत. ग्रामपंचायतीची ओळही नसते. तिच्यातली महसुली गावं शोधून त्यांची बेरीज करावी लागते.