नवा भुंगेरा सापडलाय? नाव देण्याआधी या चुका टाळा

रात्री पडद्यामागे दिवा लावला, भुंगेरे जमले, त्यातला एक कुठल्याच फोटोशी जुळेना, की लगेच ‘नवीन प्रजाती’ म्हणून पोस्ट पडते. जगात आजवर चार लाखांच्या आसपास भुंगेऱ्यांच्या प्रजातींना नावं मिळाली आहेत आणि त्यातल्या असंख्य प्रजातींचा एकही फोटो इंटरनेटवर नाही. कित्येकांचं वर्णन शे-दीडशे वर्षांपूर्वी लॅटिनमधल्या चार ओळींत उरकलेलं आहे. भुंगेरा जंगलात सापडतो, पण तो नवा आहे की नाही हे संग्रहालयात ठरतं. बहुतेक चुका होतात त्या ही पायरी गाळल्यामुळेच.

जुनं न चाळताच लिहायला बसणं

भारतीय भुंगेऱ्यांवर काम करणारे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ब्रिटिशकालीन ग्रंथमालिकेपासून सुरुवात करतात, ते योग्यच आहे. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांसाठी गहान (1906), शेणकिड्यांसाठी अ‍ॅरो (1931), जमिनीवर पळणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांसाठी अँड्र्यूज (1929 आणि 1935). हे खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. घोटाळा पुढे होतो. अ‍ॅरोच्या ओळखतक्त्यात आपला शेणकिडा बसला नाही, म्हणून तो नवा ठरवला जातो. पण तो तक्ता 1931 चा आहे. त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षांत जे लिहिलं गेलं ते त्यात कुठून येणार? एकट्या ऑन्थोफॅगस या शेणकिड्यांच्या वंशात (वंश म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) जगभरात दोन हजारांहून जास्त प्रजाती आहेत. शिवाय किड्यांना देशांच्या सीमा ठाऊक नसतात. तुमचा ‘नवा’ किडा श्रीलंका किंवा म्यानमारमधून आधीच नोंदलेला असू शकतो. तसं निघालं तर आधीचं नाव टिकतं आणि तुमचं नाव समानार्थी नावांच्या यादीत जाऊन पडतं.

यावर उपाय एकच: होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर एखाद्या प्रजातीचं नाव टांगलेलं असतं तो मूळ नमुना पाहणं. आपल्याकडच्या जुन्या प्रजातींचे होलोटाइप लंडन, पॅरिस, बर्लिन इथे विखुरलेले आहेत. तमिळनाडूतलं तरंगंबाडी डॅनिश वसाहत असताना तिथून गेलेले कीटक अठराव्या शतकातला डॅनिश कीटकतज्ज्ञ फॅब्रिशियस याने वर्णिले, त्यांच्यासाठी कोपनहेगनला लिहावं लागतं. ‘फोटो पाठवा’ एवढंच लिहू नका. वरून, बाजूने, डोक्याचा जवळून, जननांगाचा आणि सगळ्या लेबलांचा, असे नेमके फोटो मागा. संग्रहपालांकडे अशा विनंत्यांचा ढीग असतो. नेमकी विनंती लवकर मार्गी लागते.

संग्रहालयांच्या याच कपाटांत नव्या प्रजातीही पडून असतात. डार्विनने 1832 मध्ये अर्जेंटिनात पकडलेला एक रोव्ह भुंगेरा लंडनच्या संग्रहातून उजेडात आला आणि ‘डार्विनिलस सेडारिसी’ या नावाने 2014 मध्ये त्याचं वर्णन झालं.

रंग आणि शिंगांवर भिस्त

नुकताच कोशातून निघालेला भुंगेरा फिकट असतो, रंग चढायला वेळ लागतो. त्या फिकट रंगावर प्रजाती उभी करू नका. आशियाई लेडीबर्ड ‘हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिस’ची दोनशेहून अधिक रंगरूपं नोंदली गेली आहेत, आणि ती सगळी एकच प्रजाती. शेणकिड्यांमध्ये तर एकाच प्रजातीचे धष्टपुष्ट नर लांब शिंगांचे आणि खुजे नर जवळजवळ बिनशिंगांचे असतात, कारण अळीला शेण किती मिळालं यावर ते ठरतं. म्हणून एकाच नमुन्यावर लिहायची घाई नको. त्याच जागी, त्याच ऋतूत पुन्हा जा आणि नर-माद्या, लहान-मोठे सगळे गोळा करा.

खरी ओळख बहुतेक वेळा नराच्या जननांगावरून पटते. ते काढून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवलं की मांसल भाग विरघळतो. मात्र रात्रभर विसरलात तर गरज असलेले नाजूक पडदेही जातील, तेव्हा मधूनमधून बघत राहा. सुकून कडक झालेला नमुना आधी दमट डब्यात मऊ करा, नाहीतर पाय हातात येतात. जननांग ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला लावा. वेगळ्या डबीत ठेवलं की दोन वर्षांनी ते कोणाचं हे कोणालाच सांगता येत नाही. हाती फक्त माद्याच असतील तर थांबणं बरं.

डीएनएचं थोडक्यात. इथाइल अ‍ॅसिटेटने मारलेल्या किड्याचा डीएनए बिघडतो, म्हणून काही नमुने थेट 96 टक्के अल्कोहोलमध्ये टाका. आणि ‘डीएनएच्या डेटाबेसमध्ये जुळणी नाही’ हाही नवेपणाचा पुरावा नव्हे. आपल्या कित्येक प्रजातींचा बारकोड (ओळखीसाठी वापरला जाणारा डीएनएचा छोटा तुकडा) अजून कोणी काढलेलाच नाही.

कागदपत्रांत अडकणं

प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार 2000 सालापासून नवं नाव ग्राह्य धरायचं तर लेखात ते नवं असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं, होलोटाइप ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात राहणार हेही सांगावं लागतं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात लेख असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आधी करून ती लेखातच छापलेली हवी. परिषदेतला गोषवारा किंवा फेसबुक पोस्ट चालत नाही. वर्तमानपत्राला नाव आधी सांगण्याचा मोहही आवरा. वर्णनाशिवाय छापलेलं नाव पोकळ ठरतं आणि गोंधळ मात्र मागे राहतो.

भारतात जैवविविधता कायदा, 2002 नुसार नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली प्रमुख संस्था, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. अभयारण्यातून गोळा करायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. नंतर मिळवलेल्या कागदाने काही सावरत नाही.

लेबलवर नुसतं ‘महाबळेश्वर’ पुरत नाही. अक्षांश-रेखांश, उंची, कोणाच्या शेणात किंवा कोणत्या झाडावर सापडला, हे सगळं हवं. महिना रोमन अंकात लिहा, म्हणजे 5.VI चा अर्थ कोणी सहा मे लावणार नाही.

नाव

प्रजातीला माणसाचं नाव द्यायचं तर पुरुषाच्या नावाला शेवटी ‘आय’ (i) आणि स्त्रीच्या नावाला ‘एई’ (ae) जोडतात. आजीच्या नावाला पुरुषी प्रत्यय लावणारे महाभाग आहेत! प्रजातीचं नाव विशेषण असेल तर ते वंशनावाच्या व्याकरणातल्या लिंगाशी जुळवावं लागतं. त्या वंशात तेच नाव आधी कोणी वापरलं नाही ना, हेही बघा. नवा वंश उभारत असाल तर शोध सगळ्या प्राणिसृष्टीत घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या बदकचोच्या सस्तन प्राण्याला 1799 मध्ये ‘प्लॅटिपस’ हे वंशनाव दिलं गेलं, पण 1793 मध्येच ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना मिळालं होतं. सस्तन प्राण्याला नवं वंशनाव घ्यावं लागलं, ‘ऑर्निथोऱ्हिंकस’.

राजकारण्यांची नावं शक्यतो टाळावीत असं माझं मत आहे. स्लोव्हेनियाच्या गुहांतल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला 1937 मध्ये ‘अ‍ॅनोफ्थॅल्मस हिटलरी’ असं नाव दिलं गेलं. नाव अप्रिय झालं म्हणून नियमावली ते बदलू देत नाही. आज त्या नावापायीच संग्राहक त्या भुंगेऱ्याच्या मागे लागतात आणि गुहांमधून त्याची चोरटी पकड होते.