ग्राउंड ग्लासवर डोळे शार्प, निगेटिव्हमध्ये मात्र कान शार्प: माझा अनुभव

4×5 इंची शीट फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्यावर 210 एमएम लेन्सने चेहरा-खांदे घेतले की डोळे सॉफ्ट आणि कान शार्प. फिल्मचे होल्डर बदलून पाहिले, ग्राउंड ग्लासची (मागची दुधी काच, जिच्यावर फोकस पाहतात) जागा तपासली, सगळं ठीक. अ‍ॅपर्चर लहान करून एफ 16 केलं तर शटर इतकं स्लो की माणूस हलून ब्लर. वैताग आला अक्षरशः.

खरं कारण, एफ 5.6 ला डेप्थ (शार्प येणारी खोली) जेमतेम 2 सेंटीमीटर, आणि फोकस करून होल्डर घालेपर्यंत समोरचा माणूस तेवढा पुढेमागे होतोच.

उपाय म्हणजे दोरा, न ताणणारा. एक टोक लेन्सबोर्डाजवळ (लेन्स बसवलेली पाटी), पण बेलोजला (कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता) ओढ बसणार नाही असं ट्रायपॉडच्या हेडला बांधा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून लूपने (भिंगाने) जवळच्या डोळ्यावर फोकस, लगेच दोरा त्याच डोळ्याखालच्या हाडापर्यंत नेऊन तिथे गाठ (इथे मदतनीस असला तर बरं). मग शटर बंद, अ‍ॅपर्चर सेट, शटर कॉक (ताणून तयार), होल्डर आत, डार्क स्लाइड (फिल्मवरचं झाकण) बाहेर. आता दोरा परत ताठ धरा, गाठ हाडाला टेकेल एवढाच चेहरा पुढेमागे करायला सांगा, दोरा सोडा, तो फ्रेमबाहेर गेला की लगेच केबल रिलीज (शटर उडवायची वायर) दाबा. पाठ टेकायची खुर्ची हवीच, स्टूलवर हे जमत नाही.